कपाळावरचे ठिपके

तानसाचं पाणी मुंबई १८९२ पासून पितेय. परळच्या चाळीत पहाटे नळाखाली कळशी लावणाऱ्या पिढ्या गेल्या, चाळींचे टॉवर झाले, पण शहापूर तालुक्यातला तो तलाव आणि त्याच्या भोवतीचं सागाचं रान जागच्या जागी आहे. कसारा लोकलने आटगावला उतरायचं, पुढे मिळेल त्या जीपने जायचं. तीनशेहून अधिक चौरस किलोमीटरांचं हे अभयारण्य मुंबईच्या पक्षीनिरीक्षकांना अगदी घरचं. रविवारी पहिली गाडी पकडायची, उन्हं चढेपर्यंत हिंडायचं, वहीत तीसचाळीस नावं टिपायची आणि जेवायला घरी परत. अशा पायाखालच्या रानात कुणी नवलाईची अपेक्षा ठेवत नाही. नवलाई पाहायला आपण ईशान्य भारतात जातो, सुट्टी आणि पैसे साठवून.

२०१४ साली याच रानात दोघा पक्षीनिरीक्षकांना एक वीतभर घुबड दिसलं. ते रानपिंगळा निघालं. शंभराहून अधिक वर्षं जो जगातून गेल्यातच जमा होता आणि सापडल्यावरही ज्याला सातपुड्याचा आणि त्याच्या आसपासचाच रहिवासी समजत होते, तो मुंबईला पाणी पाजणाऱ्या तलावाकाठी, पश्चिम घाटाच्या उत्तर टोकाला बसला होता. सातपुड्याच्या पायथ्याच्या ज्या शहाद्याजवळ तो पुन्हा सापडला होता, तिथून तानसा सरळ रेषेत दोनशे किलोमीटरांहून दूर आहे.

हा पक्षी हरवला कसा, हे सांगितल्याशिवाय तो सापडल्याची मजा कळायची नाही. आणि हरवला तो रानात नाही. कागदावर हरवला.

साधा पिंगळा आपल्या ओळखीचा. गावाबाहेरच्या आंब्याच्या ढोलीत, जुन्या वाड्याच्या वळचणीला जोडीने राहतो, तिन्हीसांजेला चिरक चिरक आवाजात भांडल्यासारखा बोलतो आणि आपण जवळ गेलो की मान वरखाली करून आपल्यालाच न्याहाळतो. मराठी मनात त्याला एक मानाची जागाही आहे. पहाटे अंधारात कंदील आणि कुडमुडं घेऊन दारोदार येणाऱ्या भविष्य सांगणाऱ्याला आपण पिंगळाच म्हणतो, कारण त्याला या पाखराची भाषा कळते असा समज. या ओळखीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर, कपाळावर पांढरे ठिपके असतात. पक्ष्यांच्या पुस्तकात त्याला ठिपकेवाला पिंगळा म्हणतात.

रानपिंगळा अंगाने साधारण तेवढाच, तेवीसेक सेंटिमीटरांचा. पण डोकं जवळजवळ बिनठिपक्याचं, छातीवर गडद तपकिरी रुंद पट्टा, त्याखाली पोट एकदम पांढरं, शेपटीवर ठळक आडवे पट्टे, आणि पाय असे दणकट की त्याच्या अंगाला ते मोठेच वाटतात. हा वेगळा पक्षी आहे हे पहिल्यांदा ओळखलं ॲलन ह्यूम यांनी, १८७३ मध्ये. हे ह्यूम म्हणजे तेच, शाळेच्या इतिहासात राष्ट्रीय सभेच्या स्थापनेपाशी ज्यांचं नाव पाठ केलं ते. काँग्रेस १८८५ ची. त्याआधी या माणसाने हिंदुस्थानातले पक्षी गोळा करण्याचा असा काही कारखाना उघडला होता की देशभरचे अधिकारी त्यांना कातडी पाठवत. त्यांचं पंचवीस वर्षांचं हस्तलिखित सिमल्याच्या घरातून नोकराने रद्दीत विकलं, तेव्हा ते खचले आणि आपला सगळा संग्रह त्यांनी ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. रद्दीवाल्याने भारतीय पक्षीशास्त्राचं केलेलं हे नुकसान कुणी मोजलेलं नाही.

ह्यूमना रानपिंगळ्याचा पहिला नमुना आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागातून मिळाला, ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याकडून. म्हणून शास्त्रीय नावात ब्लेविट आला. दुसरा ओडिशाच्या बाजूचा. आणि बाकीचे आपल्या खानदेशातले. जेम्स डेव्हिडसन नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात तळोदा-शहादा पट्ट्यातून काही नमुने मिळवले. शेवटचा १८८४ चा. त्यानंतर काही नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सात कातडी, एवढीच या पक्ष्याची मालमत्ता.

यातल्या सातव्या कातड्याने सगळा घोळ घातला.

त्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: मांडवी, गुजरात, १९१४. मिळवणारा कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन. हा ब्रिटिश फौजी अधिकारी त्या काळचा नामांकित पक्षीतज्ज्ञ होता. १९६७ मध्ये तो वारला तेव्हा त्याचा हजारो कातड्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमकडे जमा झालेला होता. तेव्हा रानपिंगळा १९१४ पर्यंत होता, तापीकाठच्या मांडवीला होता, हे सर्वांनी प्रमाण मानलं. सालिम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ली यांच्यासारख्या दिग्गजांनी पुढे हा पक्षी शोधला, तो त्यांना मिळाला नाही. अधूनमधून कुणीतरी ‘दिसला’ म्हणायचं. फोटो नीट पाहिला की कपाळावर ठिपके असायचे.

१९९० च्या दशकात पॅमेला रासमुसेन या वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत दक्षिण आशियातल्या पक्ष्यांच्या एका मोठ्या मार्गदर्शक ग्रंथाचं काम करत होत्या. त्यासाठी जुनी कातडी एकेक करून तपासणं चाललं होतं. माइनर्ट्झहागेनच्या बऱ्याच चिठ्ठ्या पक्ष्यांशी जुळेनात. जिथे जो पक्षी असू नये तिथे तो याला सापडलेला! कातडं भरणं हा हातशिवणीसारखा प्रकार असतो. प्रत्येकाची कापूस कोंबायची तऱ्हा वेगळी, टाके घालायची वेगळी, आत काडी बसवायची वेगळी. शिंप्याला जसा दुसऱ्या शिंप्याचा टाका कळतो तसं हे जाणकाराला कळतं. मांडवीच्या रानपिंगळ्याचे क्ष-किरण फोटो काढले, शिवण तपासली. वरवर पुन्हा भरल्यासारखं केलेलं होतं, पण आतली घडण डेव्हिडसनची होती. म्हणजे कर्नलसाहेबांनी म्युझियममधूनच डेव्हिडसनचा खानदेशी पक्षी उचलला, उसवला, पुन्हा भरला आणि त्याच्या पायात स्वतःच्या नावाची चिठ्ठी बांधली. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी पुढे १९९९ मध्ये हे सगळं पुराव्यानिशी छापलं. असे उद्योग या गृहस्थाने इतरही पक्ष्यांच्या बाबतीत केले होते.

मला यातला चोरीचा भाग करमणुकीचा वाटतो, पण नुकसान वेगळं आहे. त्या एका खोट्या चिठ्ठीने पक्ष्याचा पत्ताच बदलला. शोधणारी माणसं हुशार होती, कष्टाळू होती. जुन्या नोंदींत एक बनावट मिसळली की त्यावरून बांधलेला अंदाजही तिरका जातो.

चिठ्ठी बाजूला टाकल्यावर उरले खरे पत्ते. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट भारतात आले. आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा धुंडाळल्या. हाती काही नाही. मग खानदेश. २५ नोव्हेंबरच्या सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, किंग यांना एका उघड्याबोडक्या झाडाच्या शेंड्यावर एक घुबड बसलेलं दिसलं. डोक्यावर ठिपके नाहीत. रासमुसेननी आधी व्हिडिओ कॅमेरा सुरू केला, पक्षी उडून जायच्या आत पुरावा हाती असावा म्हणून. ११३ वर्षांनी माणसाने रानपिंगळा जिवंत पाहिला आणि तो कोवळं ऊन खात बसला होता. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला.

ऊन खात. हे महत्त्वाचं आहे. घुबड म्हटलं की आपल्या डोक्यात रात्र येते. घुबड शोधायचं म्हणजे बॅटरी घेऊन, दिवेलागणीनंतर. रानपिंगळा मात्र मुख्यतः दिवसाचा पक्षी. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी पुढची काही वर्षं शहादा-तळोद्याच्या रानात त्याचा अभ्यास केला, तेव्हा हळूहळू चित्र स्पष्ट झालं. हा सकाळी उंच, निष्पर्ण फांदीवर बसतो, शेपटी झटकत खाली टक लावतो आणि सरडे, सापसुरळ्या, उंदीर उचलतो. ते दणकट पाय कशासाठी होते हे तेव्हा कळलं. घनदाट अरण्य त्याला नकोच असतं. उघडं, पानगळीचं, सागाचं रान त्याला पुरतं. म्हणजे तो दडून बसलेला नव्हता. गुरं चरत होती, बाया मोहाची फुलं वेचत होत्या, लाकूडतोड्यांच्या डोक्यावरून तो पाहत होता. त्यांनी त्याला पाहिलं नसेल असं म्हणण्यात अर्थ नाही. त्यांना विचारलं नव्हतं, एवढंच. आणि विचारलं असतं तरी ‘पिंगळा आहे’ म्हणाले असते. ते खोटं नव्हतंच.

मग मेळघाटात तो सापडला, आणि बऱ्यापैकी संख्येने. यावल, मध्य प्रदेशातले सागाचे पट्टे, गुजरातचं डांग. जसजशी माणसं योग्य वेळी योग्य झाडाकडे बघायला लागली तसतसा पक्षी वाढत गेला. खरं तर नोंदी वाढत गेल्या. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो आधी ‘अतिसंकटग्रस्त’ होता, २०१८ मध्ये एक पायरी उतरून ‘संकटग्रस्त’ झाला. त्याच वर्षी आपल्याकडच्या संशोधकांनी त्याच्या जनुकांवरून दाखवलं की ह्यूमनी त्याला जी स्वतंत्र प्रजाती-गटाची गादी दिली होती ती काही खरी नव्हे. तो आपल्या ठिपकेवाल्याच्याच भावकीतला. शंभर वर्षं माणसं फसत होती त्यात त्यांची तरी काय चूक?

बरोबर उलट्या वेळेची गोष्ट आंध्रात घडली. जेर्डनचा धाविक हा जमिनीवर तुरुतुरु पळणारा पक्षी १८४८ पासून माहीत होता आणि १९०० नंतर कुणी पाहिला नव्हता. धाविक म्हटलं की उघड्या माळावर दिवसा पळणारे पक्षी, ही ठरलेली समजूत. जानेवारी १९८६ मध्ये कडप्पा जिल्ह्यातल्या रेड्डीपल्ली गावच्या ऐतन्ना नावाच्या पारध्याने बॅटरीच्या उजेडात काटेरी झुडपांमधून तो जिवंत पकडला. हा धाविक रात्रीचा होता. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे भारत भूषण त्या भागात चित्रं घेऊन गावोगाव विचारत फिरत होते, म्हणून ती बातमी त्यांच्यापर्यंत पोचली. घुबड दिवसा आणि धाविक रात्री. निसर्गाला आपल्या पुस्तकांची अनुक्रमणिका ठाऊक नसते. त्या पक्ष्यापायी तिथे अभयारण्य झालं आणि पुढे एका मोठ्या कालव्याचा मार्गही बदलावा लागला.

साधन बदललं तरी असंच काहीसं होतं. गोरेगावची आरे कॉलनी घ्या. गाईम्हशींचे गोठे, गवताची कुरणं, सहलीला आलेली कुटुंबं. झीशान मिर्झा आणि राजेश सानप या तरुण संशोधकांनी इथल्या विंचवाची एक नवी जात वर्णन केली, २०१० मध्ये, आणि आरेचंच नाव तिला दिलं: लायकस आरेयेन्सिस. विंचू दिवसा दगडाखाली, सालीखाली दडतो. पण रात्री जंबुपार किरणांची, म्हणजे नोटा तपासतात तसल्या प्रकाशाची बॅटरी घेऊन फिरलं तर विंचवाच्या कवचातली द्रव्यं चमकतात आणि काळ्या जमिनीवर हिरवट-निळा विंचू दिव्यासारखा पेटून उठतो. एकदा हे दृश्य पाहिलेला माणूस पुन्हा अनवाणी फिरत नाही. मी तरी फिरत नाही.

आणखी जवळ यायचं तर जोगेश्वरी. तिथल्या अंधशाळेच्या आवारातल्या जुन्या विहिरीत २०१९ मध्ये एक लालसर, गांडुळासारखा लांब मासा मिळाला. डोळे नाहीत, पर नाहीत, खवले नाहीत. जमिनीखालच्या पाण्यात राहणारा हा मासा अंधाऱ्या झऱ्यांमधून विहिरीत येत असावा. २०२३ मध्ये त्याचं वर्णन छापून आलं आणि मुंबादेवीवरून त्याला रक्तमिक्थिस मुंबा हे नाव मिळालं. आंधळा मासा अंधशाळेच्या विहिरीत सापडावा हा योगायोग एखाद्या कथालेखकाने घातला असता तर संपादकाने कापला असता.

सिंधुदुर्गातल्या आंबोलीला मात्र मला थोडं रेंगाळावंसं वाटतं. पावसाळ्यात तिथल्या धबधब्याखाली जी जत्रा भरते ती सर्वांनी पाहिली आहे. त्याच गावात एका गुहेतून हिरण्यकेशी नदी उगम पावते. तोंडाशी महादेवाचं देऊळ, पुढे कुंड. देवाचं पाणी, म्हणून तिथे कुणी जाळं टाकत नाही. या कुंडात बोटभर सोनेरी मासे आहेत हे दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. पोरं त्यांना चुरमुरे टाकत. २०२० मध्ये तो शास्त्राला अज्ञात असलेला मासा ठरला, शिस्टुरा हिरण्यकेशी. हिरण्यकेशी म्हणजे सोन्याच्या केसांची. नाव आधीच तयार होतं, मासा नंतर आला. पुढच्या वर्षी राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. त्याच आंबोलीच्या सड्यावर, जांभ्या दगडाच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात अंडी घालणारा, कुशीवर वाघासारखे पिवळे पट्टे असलेला छोटा भेक २००९ मध्ये शास्त्रात आला. पहिल्या पावसात हे भेक शेकडोंनी बाहेर पडतात. शेकडोंनी गाड्यांखालीही येतात, कारण त्याच रात्री पर्यटकही शेकडोंनी येतात.

देवाच्या कुंडातल्या माशाला भाविकांनी सांभाळलं आणि शास्त्रज्ञांनी नाव दिलं, अशी वाटणी करून टाकायचा मोह होतो. पण ते पूर्ण खरं नाही. नाव नसतं तर उद्या कुंडाला फरशी घालताना कुणी थांबलं नसतं. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार म्हणजे टाइल्स, हे सांगायला नको.

नावाचा दुसरा परिणामही आहे. तानसाची बातमी फुटली तसे रानपिंगळा पाहायला लोक येऊ लागले. त्यात जीव तोडून बघणारे होते, तसे मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला पुन्हापुन्हा बाहेर बोलावणारेही होते. दुसरा नर आपल्या हद्दीत घुसलाय या समजाने बिचारा पक्षी शिकार सोडून धावत येतो. विणीच्या दिवसांत हे करणाऱ्याला मी निसर्गप्रेमी म्हणत नाही. आणि घुबडाबद्दलच्या जुन्या धास्ती अजून गेलेल्या नाहीत; कुठे करणीसाठी, कुठे अमावास्येला, त्याच्या जिवावर उठणारे आहेत. रानपिंगळा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. गलोल घेतलेल्या पोराला मात्र ती पंगत कुणी सांगितलेली नसते.

मीही तानसाला गेलो. जानेवारीतली सकाळ, थंडी बऱ्यापैकी. वाटेवर सागाची पानं पडलेली, पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखा आवाज. तासभर काही नाही. मग एका वठलेल्या झाडाच्या शेंड्यावर, उन्हात, पाठ करून बसलेलं लहानसं घुबड. माझ्या छातीत जे काही व्हायचं ते झालं. हात स्थिर ठेवून चार फोटो काढले, पाचव्याला ते वळलं, माझ्याकडे पाहून मान दोनदा वरखाली केली आणि उडालं.

बरोबरच्या गाववाल्या काकांना मी विचारलं, “काका, हा तो का?”

“पिंगळा हाय,” ते म्हणाले.

सावलीत बसून पाचवा फोटो मोठा केला. छातीवर पट्टा असल्यासारखं वाटत होतं, उन्हात काहीही वाटतं. डोकं आणखी मोठं केलं. कपाळावर ठिपके होते, चांगले स्वच्छ, पांढरे.

“चहा घ्यायचा का?” काकांनी विचारलं. आम्ही उठलो.